झोप लागंना, जेवण जाईना: रोजचा ताण ओळखायचा कसा, सांभाळायचा कसा

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी दवाखान्याच्या बाकड्यावर तासभर बसलं, तर त्याच त्या तक्रारी कानावर येतात. डोकं जड झालंय. पोटात गोळा उठतोय. झोप लागंना. हातापायाला मुंग्या येऊ लागल्यात. छातीत धडधडतंय. तपासण्या होतात, रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूस गोळ्या आणि सलाईन घेऊन घरी जातो आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा त्याच बाकड्यावर येऊन बसतो. यातल्या बऱ्याच जणांच्या मागं पिकाचा, पैशाचा, लेकरांच्या शिक्षणाचा नाहीतर घरातल्या कटकटीचा घोर लागलेला असतो. तो घोर डॉक्टरांना कुणी सांगत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांनाही तो खोदून विचारायला सवड नसते.

ज्यांनी या गोष्टीकडं आजवर कधी नीट लक्ष दिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपल्या भागातला ताण बहुतेक वेळा खऱ्याखुऱ्या अडचणीतून येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात इतका पाऊस झाला की कित्येकांच्या शेतातली माती खरडून गेली. अशा माणसाला 'चांगला विचार करा, सगळं ठीक होईल' एवढं सांगून भागत नाही. म्हणून माझ्या मते क्रम असा असावा: आधी अंग शांत करायचं, मग डोकं ठिकाणावर आलं की अडचणीचा हिशेब मांडायचा, आणि यातलं काहीही एकट्यानं रेटायचं नाही.

अंगात नेमकं काय होतं

बांधावर अचानक नाग दिसला की काय होतं ते आठवा. मेंदूकडून मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन छोट्या ग्रंथींना निरोप जातो. काही सेकंदांत ॲड्रेनलिन रक्तात उतरतं. ठोके वाढतात, श्वास भरभर चालतो, मान-खांदे-जबडा ताठ होतो, पचन मंदावतं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं आणि रक्तात साखर वाढवून पळायला किंवा काठी उचलायला ताकद पुरवतं. साप निघून गेला की थोड्या वेळानं सगळं जागेवर येतं. हान्स सेल्ये या संशोधकानं १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांवरून मांडलं की त्रास कुठल्याही प्रकारचा असो, शरीर त्याला बरंचसं एकाच ठरावीक पद्धतीनं तोंड देतं. बँकेची नोटीस आली तरी अंग तीच तयारी करतं.

फरक एवढाच की नोटीस निघून जात नाही. ती महिनोनमहिने डोक्यात राहते आणि अंग तेवढे महिने तयारीतच राहतं. विहिरीतलं पाणी संपल्यावरही मोटार चालू ठेवली तर ती तापत जाते आणि एक दिवस जळते, तसंच हे आहे. झोप तुटते, ॲसिडिटी वाढते, डोकं दुखतं, पाळी मागंपुढं होते, बीपी आणि शुगर गोळ्या घेऊनही आटोक्यात येत नाही, साध्या गोष्टी लक्षात राहत नाहीत.

थोडा ताण कामाचाही असतो. मृग लागायच्या आधी बी-बियाणाची जी धावपळ होते ती त्या ताणामुळंच होते, आणि पेरणी उरकली की तो उतरतो. तो उतरतच नसेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पहिली पायरी: आठवडाभर नोंद ठेवा

एक जुनी वही घ्या. रोज रात्री झोपायच्या आधी चार ओळी लिहा. काल रात्री झोप किती तास लागली? आज जेवण कसं गेलं? अंगात कुठं आणि कधी दुखलं? त्या वेळी काय चाललं होतं? लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळेच्या लेकराला सांगा, ते हौसेनं लिहील.

चौथी ओळ सगळ्यात कामाची. ओळखीतल्या एका बाईंचं डोकं अधूनमधून इतकं दुखायचं की त्या ओढणी घट्ट बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहायच्या. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा फोटो झाला. लेकीनं वहीत लिहायला सुरुवात केली तेव्हा दिसलं की दुखणं बहुतेक वेळा एकाच वारी रात्री सुरू होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत फायनान्सचा हप्ता गोळा करायला माणूस येतो. दुखणं खरंच होतं, त्यात नाटक काहीच नव्हतं. पण त्याची दोरी कुठं बांधलेली आहे ते वहीशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

नोंदीत अंगाच्या तक्रारींबरोबर वागण्यातले बदलही टिपा. माणसाला स्वतःला ते उशिरा कळतात, घरच्यांना आधी दिसतात. लेकरांवर उगाच ओरडणं. ताटावर बसून दोन घासांत उठणं, नाहीतर भूक नसताना खात सुटणं. पहाटे तीनला डोळा उघडला की पुन्हा न लागणं. तंबाखूची पुडी आधी दोन दिवस पुरायची ती आता एकाच दिवसात संपणं. फोन वाजला की दचकणं. पाहुण्यांची, लग्नकार्याची टाळाटाळ. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवसीला, सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप घालून पूजा होते आणि भज्जी, उंडे, आंबील घ्यायला वाटसरूलाही हाताला धरून बसवतात. दरवर्षी पुढं असणारा माणूस त्या दिवशी 'अंग दुखतंय' म्हणून घरात पडून राहिला, तर त्याच्याकडं जाऊन बसायला हवं.

एक गोष्ट इथंच सांगतो. सगळं दुखणं ताणावर ढकलू नका. धडधड आणि थकवा रक्त कमी असल्यानंही होतो, थायरॉइडमुळंही होतो. मुंग्या शुगरमुळं किंवा बी-१२ कमी पडल्यानं येतात. एकदा बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. तीस वर्षांवरच्या माणसांची बीपी-शुगरची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट होते. आणि छातीवर दगड ठेवल्यागत दाब आला, दुखणं डाव्या हाताकडं किंवा जबड्याकडं गेलं, दरदरून घाम सुटला, तर टेन्शन आहे की गॅस आहे याची चर्चा करत बसू नका. सरळ १०८ ला फोन लावा.

सलाईनचंही बोलायला हवं. 'अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा' हे आपल्याकडं हमखास ऐकू येतं. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, बाकी पाणी. म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी, एका ज्वारीच्या भाकरीएवढीसुद्धा नाही. सलाईन लावल्यावर बरं वाटतं याचं मोठं कारण असं की दोन तास कुणी काम सांगत नाही, आडवं पडायला मिळतं आणि घरचं माणूस उशाशी बसलेलं असतं. हे तिन्ही सुई न टोचता घरीही मिळू शकतं.

दुसरी पायरी: आधी अंग खाली आणा

ठोके आपल्या सांगण्यानं कमी होत नाहीत, पचन सांगून सुधारत नाही. त्या सगळ्या यंत्रणेतला श्वास तेवढा आपल्या हातात येतो. श्वास सावकाश सोडताना ठोके मंद करणारी नस कामाला लागते. म्हणून सुरुवात इथून करायची.

खुर्चीवर, ओट्यावर, बाजेच्या कडेला, कुठंही बसा. पाय जमिनीला टेकलेले असू द्या. एक हात पोटावर ठेवा. नाकानं श्वास आत घेताना मनात चार मोजा, पोट हाताला वर ढकलतंय का ते बघा. मग सहा मोजत सावकाश सोडा. मध्ये श्वास रोखून धरायची गरज नाही. चार आणि सहा मिळून दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. बहुतेक वेळा माणूस फार जोर लावून ओढत असतो म्हणून तसं होतं.

पहिल्या दिवशी 'यानं काय होणार' असं वाटेल. मन दहा ठिकाणी पळेल. पळू द्या, आकडे पुन्हा एकपासून मोजा. आणि हे शांत असताना शिकून ठेवा, सकाळी तोंड धुतल्यावर आणि रात्री अंथरुणावर. डोकं तापल्यावरच पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही आणि पद्धतच वाया गेली असं वाटेल.

ज्यांना आकडे मोजत बसणं परकं वाटतं त्यांनी संध्याकाळच्या भजनात जाऊन बसावं. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली मोजून दाखवलं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. टाळाच्या ठेक्यावर लांब चाल ओढताना तुम्ही जो श्वास सोडता तो हाच. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणायच्या. सासरचा जाच, माहेरची ओढ, मेलेलं लेकरू, सगळं त्या ओवीत यायचं, आणि कुणी मध्ये टोकायचं नाही. गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले ते चांगलंच झालं. पण ती मोकळं व्हायची जागा गेली आणि तिच्या बदली घरानं दुसरी दिली नाही, याचं मला फार वाटतं. नमाज असो, भजन असो, बुद्धवंदना असो, जे तुमचं आहे ते सावकाश लयीत करा.

रात्री खांदे-मान आवळून आलेली असेल तर पडल्या पडल्या दोन्ही मुठी पाच सेकंद गच्च आवळा आणि सोडून द्या, दहा-पंधरा सेकंद हात तसेच ढिले पडू द्या. मग खांदे कानापर्यंत उचलून सोडा, मग जबडा, मग पोटऱ्या. आवळण्यापेक्षा सोडण्याकडं लक्ष ठेवा.

चालणंही याच पायरीतलं. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, जरा दम लागेल असं चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेतात राबणारा विचारेल की दिवसभर मी काय बसून असतो का? त्याचं बरोबर आहे. त्याला चालण्यापेक्षा टेकण्याची गरज आहे. दुकानात, ऑफिसात, वाहनात बसून दिवस काढणाऱ्यांनी मात्र हे टाळू नये.

तिसरी पायरी: घोर कागदावर उतरवा

श्वासानं कर्ज फिटत नाही, हे उघड आहे. पण ठोके खाली आल्यावर कर्जाचे कागद उघडून बघायची हिंमत होते. ताणलेल्या अवस्थेत माणूस हमखास दोनपैकी एक करतो: एकतर विषयच टाळतो, नाहीतर रात्रभर तोच घोळवतो. दोन्हीत काम पुढं सरकत नाही.

दिवसातला एक ठरावीक अर्धा तास या कामाला द्या. दिवसाउजेडी, झोपायच्या वेळी नको. कागदाचे तीन भाग करा. पहिल्यात, कशाचा घोर आहे. दुसऱ्यात, त्यातलं माझ्या हातात काय आहे. तिसऱ्यात, पुढचं एकच काम: काय, कधी, कुणाकडं.

पहिल्या भागात 'कर्ज झालंय' असं मोघम लिहू नका. बँकेचं किती, सोसायटीचं किती, फायनान्सचं किती, हातउसनं किती, कोणता हप्ता कधी, हे वेगवेगळं लिहा. बऱ्याच घरांत हा आकडा कुणी एकदाही एकत्र मांडलेला नसतो. डोक्यात तो आहे त्याहून मोठा झालेला असतो, नाहीतर काही जणांच्या बाबतीत आहे त्याहून लहान. दोन्ही धोक्याचं.

मग एकेका ओळीसमोर हातात काय आहे ते बघा. पीककर्ज असेल आणि अतिवृष्टी किंवा दुष्काळात पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान शासनाच्या पंचनाम्यात आलं असेल, तर बँक त्या कर्जाचं पुनर्गठन करू शकते, म्हणजे फेडीची मुदत वाढवून हप्ते पाडून देऊ शकते. त्यासाठी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. मायक्रोफायनान्सचा हप्ता असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम कामाला येतात. घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम सगळ्या कर्जांच्या हप्त्यांत जाईल इतकं नवं कर्ज देता येत नाही. वसुलीवाल्यानं शिवीगाळ करणं, धमकावणं, सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन लावत राहणं नियमात बसत नाही. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडं लेखी द्या. दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या क्रमांकावर पुढचं विचारता येतं. सावकार परवान्याशिवाय धंदा करत असेल किंवा त्यानं जमीन लिहून घेतली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सहकारी संस्थांच्या तालुका सहायक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करता येते, आणि चौकशीत बेकायदा ठरलं तर जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचा फोन १५१००.

ताणाच्या लेखात ही कायद्याची माहिती कशाला, असं कुणाला वाटेल. माझ्या मते तीच अर्धं औषध आहे. 'आता काहीच होऊ शकत नाही' या समजुतीनं माणूस जितका खचतो तितका आकड्यानं खचत नाही.

तिसऱ्या भागात एकच काम लिहायचं आणि ते आठवड्यात होण्याजोगं असावं. 'सोमवारी ११ वाजता धाकट्या भावाला घेऊन शाखेत जाणे, सातबारा आणि पासबुक सोबत.' एवढं पुरतं. सोबत कुणीतरी असावं हे मी मुद्दाम लिहितोय; काउंटरवर आवाज चढला की एकटा माणूस तसाच माघारी येतो.

दुसऱ्या भागात काहीच लिहिता येत नाही असेही घोर असतात. पाऊस, सोयाबीनचा भाव, आजारी आईचं वय. तिथं रेघ मारून ठेवा. भावाचे मेसेज आणि हवामानाचे व्हिडिओ दिवसातून एकदाच बघायचे असं ठरवा. दर तासाला बघून भाव वाढत नाही, आपली धडधड तेवढी वाढते.

चौथी पायरी: झोप, चहा, तंबाखू, दारू

मोठ्या माणसाला सात ते नऊ तास झोप लागते. आपल्याकडं शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं रात्री येते आणि माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जातो. त्याला 'रात्री दहाला झोपा' म्हणणं व्यर्थ आहे. त्यानं रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारची दोन-तीन तासांची झोप कामासारखी पाळावी, घरच्यांनी त्या वेळी त्याला उठवू नये, आणि शेजारच्या शेतकऱ्याशी आळीपाळी लावून घ्यावी. बाकीच्यांनी उठायची वेळ रोज एक ठेवावी आणि फोन उशाशी ठेवू नये. वीस-पंचवीस मिनिटांत झोप नाही आली तर अंथरुणावर तळमळत न पडता उठून मंद उजेडात बसावं, डोळे जड झाले की पुन्हा पडावं.

चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनंतरही अंगात असतो. संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकरालाही काम करत असतो. चारनंतर चहा बंद करून आठ दिवस बघा.

तंबाखूनं टेन्शन उतरतं हा समज फार पक्का आहे. निकोटिन उतरायला लागलं की तलफ येते, तलफेनं जीव कासावीस होतो, चिमूट लावली की ती कासाविशी थांबते. कर्जाचा घोर होता तिथंच असतो. सोडायची असेल तर १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फुकट मदत मिळते. दारूचं तसंच: डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि सकाळी मन आणखी खाली जातं. मेडिकलवरून मित्राच्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या आणू नका. त्यांची सवय फार लवकर लागते.

लातूरच्या खोल्यांमधल्या लेकरांसाठी

'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीला नांदेड, परभणी, हिंगोली, बीड आणि त्याही पलीकडून पोरं-पोरी लातुरात येऊन राहतात. सोळा-सतरा वर्षांचं वय, मेसचा डबा, दर आठवड्याची टेस्ट आणि भिंतीवर लागलेली रँक. परीक्षेच्या सकाळी पोट बिघडणं, पेपर हातात आल्यावर काही क्षण सगळं पुसल्यासारखं वाटणं, हे अंगातल्या त्याच यंत्रणेचं काम आहे. अभ्यास विसरल्याचं लक्षण नाही. तेव्हा पेन खाली ठेवा, वर सांगितलेले सहा श्वास घ्या, एक मिनिट जातं. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, म्हणून झोप कापून केलेला अभ्यास फळत नाही.

आईवडिलांना हात जोडून विनंती आहे. रोजच्या फोनवर पहिला प्रश्न 'किती पडले?' हा नको. 'जेवलास का? आज मेसला काय होतं?' एवढ्यावर लेकरू बोलायला लागतं. 'आम्ही तुझ्यासाठी रान विकलं' हे वाक्य तर कधीच नको. ते त्याला माहीत असतं, आणि रात्री त्याच्याच छातीवर बसलेलं असतं.

पाचवी पायरी: कुणाशी तरी बोला, आणि कुणाचं तरी ऐका

'तुला ताण आहे का?' असं विचारलं तर शंभरातले बहुतेक 'नाही, मला काय झालंय' म्हणतात. पारावर शेजारी बसून 'काय अण्णा, जेवण जातंय का? झोप लागती का?' असं विचारा. याचं उत्तर माणूस खरं देतो.

मग ऐका. 'एवढं काय मनाला लावून घेतो', 'बायकांसारखं काय रडतो', 'फलाण्याचं बघ, त्याचं तुझ्यापेक्षा वाईट झालं', असली वाक्यं तोंडावर आली तरी गिळा. लगेच उपाय सांगू नका. 'मग पुढं काय झालं?' एवढं विचारत राहा. उठताना 'परवा येतो' म्हणा आणि परवा खरंच जा.

घरातल्या बाईला हे विचारणारं सहसा कुणी नसतं. ऊसतोडीला जोडपं दिवाळीच्या आसपास बाहेर पडतं ते उन्हाळ्यात माघारी येतं. मागं राहिलेली आजी नातवंडं, जनावरं, आजारपण सगळं एकटी निभावते. तिला फोनवर लेकरांची खुशाली विचारताना तिचीही विचारा. घरात मारहाण असेल तर ते सहन करण्याचं टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे, तातडीला ११२.

आता सगळ्यात नाजूक बोलणं. 'माझ्यामागं लेकरांकडं बघा', 'आता कशात राम राहिला नाही', 'मी असून काय उपयोग' असं कुणी बोलायला लागलं, कागदपत्रं आवरून कुणाच्या हवाली करायला लागलं, किंवा बरेच दिवस अस्वस्थ असलेला माणूस एकाएकी सगळ्यांना भेटून यायला लागला, तर सरळ विचारा: 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच्यासमोरच १४४१६ ला फोन लावा. फवारणीचं औषध घरात, माळ्यावर, गोठ्यात ठेवू नका. कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली दुसऱ्याकडं द्या, उरलेलं कमी साठवा. तो विचार अनेकदा काही तासांत ओसरतो. त्या तासांत हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. कुणी घेतलंच असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढण्यात वेळ घालवू नका, १०८ बोलवा आणि औषधाची बाटली सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. पोलीस केसच्या भीतीनं उशीर करू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार अशा माणसाला तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

सहावी पायरी: डॉक्टरांकडं कधी, कुठं, काय सांगायचं

वरचं सगळं करूनही दोन आठवडे मन सतत खाली असेल, आवडीचं काही करावंसं वाटत नसेल, झोप-जेवण बिघडलेलं असेल, कामावर जाणं जमत नसेल, तर हा रोजचा ताण राहिलेला नाही. मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा. जीव द्यायचे विचार असतील, कानात आवाज येत असतील, तर दोन आठवडेही थांबू नका.

घरबसल्या सुरुवात करायची तर टेलिमानस, क्रमांक १४४१६. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. प्रत्यक्ष दाखवायचं तर प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी शोधा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथंही हा विभाग आहे. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांत केसपेपरचे थोडे पैसे पडतात. सकाळी लवकर जा, पहिल्या भेटीत जास्त वेळ लागतो.

जाताना पहिल्या पायरीतली वही न्या. ती डॉक्टरांच्या हातात दिली तर 'काय होतंय' हे सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत. चालू असलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची पाकिटं, आधीचे रिपोर्ट आणि घरातलं एक विश्वासाचं माणूस सोबत असू द्या. तंबाखू-दारू किती आहे ते खरं सांगा, गोळ्यांचं प्रमाण त्यावर ठरतं. डॉक्टर काही वेळा नुसतं समुपदेशन सुचवतात, काही वेळा गोळ्या देतात. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका, आणि बरं वाटायला लागलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करू नका. मळमळ, सुस्ती असं काही वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जाऊन सांगा. गोळी बदलता येते, प्रमाण कमी करता येतं. पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या आणि घरातल्या कॅलेंडरवर त्या दिवशी गोल करून ठेवा.